फोटोतला हात

बऱ्याच दिवसांत इथे काही खरडलेलं नाही. कारणं नेहमीचीच. नोकरी, लेकीसाठी कॉलेजं शोधणं आणि शुद्ध आळस. पण गेला महिनाभर एक गोष्ट डोक्यात ठाण मांडून बसली आहे आणि लिहून काढल्याशिवाय ती काही उठायची नाही. लेख लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आम्ही टँपाजवळ राहतो हे जुन्या वाचकांना माहीत आहेच. भारतातून कुणी आलं की त्यांना क्लिअरवॉटरचा समुद्र दाखवायला न्यायचं हा आमचा ठरलेला कार्यक्रम. पांढरी वाळू, मावळता सूर्य, फोटो, मग घरी येऊन खिचडी. समुद्राकडे जाताना क्लिअरवॉटर गावाचा जुना मध्यभाग लागतो आणि तिथे गाडी सिग्नलला थांबली की पाहुणे हमखास विचारतात, "इथे नेव्हीचं काही आहे का गं?"

विचारतात, कारण फुटपाथवरून एकसारख्या गणवेशातली माणसं चाललेली असतात. झपझप. कुणी रेंगाळत नाही, दुकानाच्या काचेत डोकावत नाही. फ्लोरिडाच्या त्या उकाड्यातही कपड्यांची इस्त्री मोडलेली नसते. नेव्हीशी यांचा काही संबंध नाही. ही सायंटॉलॉजी चर्चच्या 'सी ऑर्ग' या संघटनेची माणसं. फोर्ट हॅरिसन नावाचं तिथलं जुनं हॉटेल चर्चने १९७५ साली भलत्याच नावाने विकत घेतलं आणि पुढे तेच त्यांचं मोठं आध्यात्मिक केंद्र झालं. रस्त्याच्या पलीकडे २०१३ साली उघडलेली त्यांची भलीथोरली इमारत आहे.

या खेपेला माझी मावसबहीण आली होती. (ताई, वाचते आहेस ना?) सिग्नलला आमच्यासमोरून गणवेशातली एक मुलगी रस्ता ओलांडून गेली. माझ्या लेकीपेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. ताई तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हिची आई कुठे असेल गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं त्या रस्त्याने जातेय-येतेय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. रात्री झोपतानाही तो डोक्यात होता. तो एवढा का टोचला याचं कारण आमच्या मिरजेच्या घरातलं आहे, ते शेवटी सांगते. तर मग मी वाचायला बसले. सोडून आलेल्यांची पुस्तकं, मुलाखती, कोर्टाचे निकाल, आणि चर्चचं स्वतःचं म्हणणंसुद्धा.

आधी थोडी माहिती. (ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एक परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) एल. रॉन हबर्ड हे विज्ञानकथा लिहिणारे अमेरिकन लेखक. १९५० साली त्यांचं 'डायनेटिक्स' हे मनाच्या दुखण्यांवर उपाय सांगणारं पुस्तक आलं, तुफान खपलं, आणि १९५३-५४ च्या सुमारास त्यातून सायंटॉलॉजी हा धर्म उभा राहिला. माणूस म्हणजे 'थेटन' नावाचा अमर आत्मा, तो जन्मोजन्मी शरीरं बदलतो, जुन्या आघातांची ओझी वाहतो, आणि 'ऑडिटिंग' नावाच्या प्रश्नोत्तरांतून ती ओझी उतरवता येतात, अशी ढोबळ मांडणी. ऑडिटिंगच्या वेळी ई-मीटर नावाच्या यंत्राला जोडलेले दोन डबे हातांत धरायचे. १९६७ साली हबर्ड निष्ठावंतांना सोबत घेऊन जहाजांवरून समुद्रावर गेले. तीच सी ऑर्ग. १९७५ साली ती किनाऱ्याला लागली ती आमच्या या फ्लोरिडात. गणवेश आणि हुद्दे मात्र जहाजावरचेच राहिले. हबर्ड १९८६ साली वारले. त्यानंतर चर्चची सूत्रं डेव्हिड मिस्कॅव्हिज यांच्या हाती आली.

सी ऑर्गमध्ये शिरताना करारावर सही करतात. किती वर्षांचा करार? एक अब्ज वर्षांचा. शंभर कोटी. लिहिण्यात चूक झालेली नाही. आत्मा अमर, तेव्हा हे शरीर गेलं की पुढच्या जन्मी परत कामावर रुजू व्हायचं. त्यांचं लॅटिन ब्रीदवाक्यही 'आम्ही परत येतो' अशाच अर्थाचं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. आपल्याकडचा करार सातच जन्मांचा, तोही वडाला दोरा गुंडाळून, आणि नवऱ्याला न विचारता! पण हसू फार वेळ टिकलं नाही. कारण करार अब्ज वर्षांचा असला तरी तो जगायचा या एका जन्मात असतो. सोडून आलेले सांगतात की राहणं-जेवण संस्थेचं, वर आठवड्याला पन्नासेक डॉलर, आणि काम पहाटेपासून रात्रीपर्यंत. गावोगावच्या केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांचे करार वेगळे, अडीच किंवा पाच वर्षांचे.

आता घरादाराचं. सी ऑर्गमधल्या माणसाने लग्न करायचं तर सी ऑर्गमधल्याच माणसाशी. मुलं? पूर्वी होऊ देत. १९८६ पासून नियम असा झाला की मूल होणार असेल तर सी ऑर्ग सोडून खालच्या केंद्रात जायचं. चर्चचं म्हणणं, या सेवाव्रती जीवनात मुलांकडे नीट लक्ष देता येत नाही, म्हणून हा नियम. ऐकताना पटतंही. पण व्रत घेतलेल्या माणसाला खालच्या केंद्रात पाठवणं म्हणजे काय, हे ज्याने ते व्रत मनापासून घेतलंय त्यालाच कळणार. क्लेअर हेडली ही तिथली अनेक वर्षांची कर्मचारी. आपल्याला दोनदा गर्भपात करायला भाग पाडलं, असा दावा तिने २००९ साली कोर्टात केला. लॉरा डिक्रेसेंझो बाराव्या वर्षी सी ऑर्गमध्ये गेली. सतराव्या वर्षी आपल्यावर गर्भपातासाठी दडपण आणलं, असं तिचं म्हणणं. तिचाही दावा २००९ चा, तो २०१८ साली तडजोडीने मिटला. चर्चने हे सगळे आरोप नाकारले आहेत.

आणि जी मुलं आधीच झालेली होती त्यांचं? डेव्हिड मिस्कॅव्हिज यांची सख्खी पुतणी जेना मिस्कॅव्हिज हिल हिने २०१३ साली पुस्तक लिहून आपली हकिगत सांगितली. आईवडील दोघंही सी ऑर्गमध्ये. ही कॅलिफोर्नियातल्या एका रँचवर इतर मुलांबरोबर वाढली, आईवडील भेटायचे ते आठवड्यातून कसेबसे काही तास. अब्ज वर्षांच्या करारावर तिने सही केली ती सातव्या वर्षी! २००० साली तिचे आईवडील बाहेर पडले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्यांनी तिला बरोबर चल म्हटलं. ती गेली नाही. तिच्या लेखी घर तेच होतं. ती बाहेर पडली २००५ साली.

ताईच्या प्रश्नाचं एक उत्तर मला इथे मिळालं. 'हिची आई कुठे असेल?' कदाचित शेजारच्याच इमारतीत, तशाच गणवेशात. किंवा कुठेतरी टेलिफोनशेजारी बसून.

हे वाचताना मला सारखे विठ्ठलपंत आठवत होते. ज्ञानेश्वरांचे वडील. बायकोला घरी सोडून काशीला जाऊन संन्यास घेतला. घरी बायको आहे हे गुरूंना कळलं तेव्हा त्यांनी काय केलं? परत जा म्हणाले, संसार कर. म्हणजे आपल्या कथेतला गुरू निदान शिष्याला घरी पाठवतो, असं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेणार, तेवढ्यात कथेचा पुढचा भाग आठवला. घरी परतलेल्या त्या माणसाला गावाने वाळीत टाकलं. चार पोरांसकट. शेवटी पोरांना तरी पदरात घ्यावं म्हणून नवराबायकोने देहांत प्रायश्चित्त घेतलं, अशी ती कथा. तेव्हा पाठ थोपटायचं राहू दे.

आता सोडून जाण्याबद्दल. सी ऑर्ग सोडायचे दोन रस्ते आहेत. एक रीतसर, त्याला 'राउटिंग आउट' म्हणतात. यात ई-मीटरचे डबे हातात देऊन चौकशी होते, पुन्हा पुन्हा. तेवढ्या काळात अंगमेहनतीचं काम. सोडून आलेल्या अनेकांच्या सांगण्याप्रमाणे हे महिनोन्‌महिने चालतं, आणि शेवटी बाहेर जाऊन काही बोलणार नाही अशा कागदांवर सह्या. चौकशी कसली? तर हबर्ड यांची शिकवण अशी की माणूस एखादा गट सोडून जातो तो त्याने त्या गटाविरुद्ध केलेल्या आणि लपवलेल्या कृत्यांमुळे. मी इथे बराच वेळ थांबले. समजा एखादा म्हणाला, आई आजारी आहे, मला घरी जायचंय. तर या शिकवणीप्रमाणे आईचं आजारपण हे कारणच नव्हे. खरं कारण त्याने काय लपवलंय ते. म्हणजे घराची ओढ हीच गुन्ह्याची खूण ठरते. आपण कबूल करायचं, आणि कबूल करण्यासारखं काही सापडत नसेल तर सापडेपर्यंत बसायचं.

दुसरा रस्ता म्हणजे पळून जाणं. त्याला 'ब्लो' म्हणतात. क्लेअरचा नवरा मार्क हेडली २००५ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या चर्चच्या तळावरून मोटरसायकलवरून निघाला. मागून सुरक्षारक्षकांची गाडी आली, तिने मला रस्त्याच्या कडेला घातलं आणि मी पडलो, असं तो सांगतो. शेवटी पोलीस आले आणि तो सुटला. काही आठवड्यांनी क्लेअरही निघाली. नवराबायको, पंधरा-पंधरा वर्षांची नोकरी, आणि निघायचं ते एकेकट्याने, चोरासारखं.

रस्ता कुठलाही घ्या, मागून बिल येतं. कर्मचाऱ्यांना तिथले अभ्यासक्रम आणि ऑडिटिंग फुकट किंवा सवलतीत मिळतं. करार मोडला की त्या सगळ्याची पूर्ण किंमत लावतात. या देणेकऱ्याला शब्द आहे 'फ्रीलोडर', म्हणजे आपल्या भाषेत आयतोबा. पन्नास डॉलरवर आठवडा काढणारा आयतोबा! आता कुणी म्हणेल, नाही भरलं बिल तर काय करतील? तिथेच गोम आहे. बिल भरल्याशिवाय चर्चशी संबंध सुरळीत होत नाहीत. आणि चर्चशी संबंध सुरळीत नसतील तर आत असलेल्या आई, भाऊ, मुलांशी कसे राहणार?

कारण खरं हत्यार त्यांच्याकडे दुसरंच आहे. डिसकनेक्शन. जो चर्चच्या विरोधात गेला असं चर्च ठरवतं त्याला 'सप्रेसिव्ह पर्सन' जाहीर करतात. त्याच्याशी संबंध ठेवणारा माणूस स्वतःच धोक्यात येतो, त्याची पुढची आध्यात्मिक वाटचाल थांबते. त्याने एक तर त्या नातेवाइकाला ताळ्यावर आणायचं, नाहीतर त्याच्याशी संबंध तोडायचे. हे धोरण १९६५ सालचं. १९६८ साली ते रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि १९८३ साली परत आलं. चर्चचं म्हणणं असं की कुणाशी बोलावं आणि कुणाशी बोलू नये हा ज्याचा त्याचा हक्क आहे, आम्ही कुणावर सक्ती करत नाही.

माइक रिंडर यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. ऑस्ट्रेलियात वाढलेला, सायंटॉलॉजिस्ट आईवडिलांचा मुलगा, अठराव्या वर्षी सी ऑर्गमध्ये गेलेला. चढत चढत चर्चचा मुख्य प्रवक्ता झाला. टीकाकारांच्या मागे लागणं, त्यांना खोटं पाडणं हेच त्याचं काम होतं, आणि ते त्याने चोख केलं असं त्याने स्वतःच पुढे लिहिलं आहे. २००७ साली लंडनमध्ये तो चालता झाला. बायको, दोन मोठी मुलं, भाऊ, सगळे आतच होते. सगळ्यांनी संबंध तोडले. पुढे त्याने दुसरं लग्न केलं, पुन्हा बाप झाला, २०२२ साली पुस्तक लिहिलं. जानेवारी २०२५ मध्ये तो वारला. ती पहिली दोन मुलं शेवटपर्यंत परत आली नाहीत.

आणि खुद्द डेव्हिड मिस्कॅव्हिज यांचे वडील, रॉन मिस्कॅव्हिज. पोराला दमा होता, त्यावर काही इलाज मिळेल म्हणून मुलाला आणि घरादाराला या मार्गाला त्यांनीच आणलं होतं. संगीतकार माणूस. अनेक वर्षं सी ऑर्गमध्ये काढून २०१२ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, बायकोला घेऊन गुपचूप गाडीने तळाबाहेर पडले. चर्चमध्ये असलेल्या मुलींनी त्यांच्याशी संबंध तोडले. पोराच्या कारभारावर त्यांनी २०१६ साली पुस्तक लिहिलं, चर्चने ते खोटं म्हटलं. २०२१ साली ते गेले. ज्या बापाने बोट धरून देवळात नेलं, त्यालाच देवळामागच्या कुंपणातून निसटावं लागलं.

कोर्टं काय म्हणतात? दोन्ही म्हणतात. लॅरी वॉलर्शाइम या जुन्या सदस्याच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९८९ साली म्हटलं की दडपणाखाली, सक्तीने करायला लावलेल्या गोष्टींना धर्माचं संरक्षण नाही. त्याची भरपाई ज्युरीच्या तीन कोटी डॉलरवरून पंचवीस लाखांवर आली आणि व्याजासकट ती हातात पडायला २००२ साल उजाडलं. उलट हेडली नवराबायकोचा खटला २०१२ साली वरिष्ठ न्यायालयातही फेटाळला गेला. न्यायालयाचं म्हणणं, बाहेर पडायच्या संधी त्यांना अनेकदा मिळाल्या होत्या, त्या त्यांनी घेतल्या नाहीत, आणि सोडून जाणाऱ्याशी संबंध न ठेवण्याचा, तसं आधी बजावण्याचा चर्चला हक्क आहे. २०२२ च्या जानेवारीत मात्र कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात सांगितलं की धर्म सोडण्याचा हक्कही घटनेने दिलेला आहे, तेव्हा सोडून गेलेल्यांना चर्चच्या अंतर्गत लवादात खेचता येणार नाही.

यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही हाच पेच पडला होता. मुंबई राज्याने १९४९ साली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, धर्माचा कारभार हा त्या समाजाचा हक्क म्हणून. महाराष्ट्राने जातपंचायतींचा जाच बघून सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला तो २०१६ साली, लागू झाला २०१७ मध्ये. 'वाळीत टाकणं' याला आपल्या भाषेत घरगुती शब्द आहे. तो कुणाकडून उसना घ्यावा लागला नाही.

आणि कायदा काही झाला तरी पंचायतीला शिक्षा करील. बहिणीला फोन कर, असं तो भावाला कसं सांगणार?

इथे मी आमच्या घरात येते. नातेवाईक हे वाचणार आहेत आणि काहींना आवडणार नाही. त्यांनी मला माफ करावं.

आमच्या मिरजेच्या घरी बाबांचा एक फोटो होता. १९७४ साली त्यांना नोकरी लागली तेव्हा स्टुडिओत जाऊन काढलेला. बाबा खुर्चीत बसलेत, केसांचा कोंबडा, बेलबॉटम. फोटो एका बाजूने कापलेला आहे. कापणाऱ्याने कात्री सरळ चालवली, पण बाबांच्या खांद्यावर टेकलेला एक हात तिला काढता आला नाही. मनगटात दोन काचेच्या बांगड्या. सहा-सात वर्षांची असताना मी आजीला विचारलं, हा हात कुणाचा? आजी म्हणाली, "जा, खेळ जा."

तो आत्याचा हात होता. बाबांची थोरली बहीण. तिने १९७७ साली जातीबाहेर लग्न केलं आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती आपल्याला मेली असं सांगून आंघोळ केली. बाबा तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, कमावते होते. त्यांनी काहीच केलं नाही. आजीनेही नाही. अण्णा १९९६ साली गेले, पण तोपर्यंत सगळ्यांना न बोलण्याची सवय लागून गेली होती.

आता जे सांगणार आहे ते मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. १९९२ ची मे महिन्याची सुट्टी. आम्ही मिरज स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. बाबा चौकशीला गेले होते, आई धाकट्याला पाणी पाजायला नळावर, आणि मी सामानावर बसलेले. एक बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. केस काळे असलेली आजीच समोर आली असं मला वाटलं. त्यांनी बाबांचं नाव घेऊन विचारलं, "तू त्याचीच ना?" आणि पर्समधून लिमलेटच्या गोळ्यांची पुडी काढून पुढे केली.

मला कळलं होतं. शंभर टक्के कळलं होतं. मी म्हणाले, "मी तुम्हाला ओळखत नाही," आणि तोंड फिरवून उभी राहिले. परत वळून पाहिलं तेव्हा त्या जिन्याकडे निघाल्या होत्या. बाबा आले. मी काही बोलले नाही.

मला हे कुणी शिकवलं नव्हतं. अमुक भेटली तर बोलू नकोस असं घरात एका शब्दाने कुणी सांगितलं नव्हतं. बारा वर्षांची मी त्या गोळ्या घेतल्या असत्या तर आकाश कोसळणार नव्हतं. पण मला तेव्हा अण्णांची भीती वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली ती बाबा माझ्यावर नाराज होतील याची. ज्यांच्यात राहायचंय ते आपल्याला दूर करतील, म्हणून जी दूर केलेली आहे तिला आपणही दूर करायचं. एवढं साधं गणित.

त्यामुळे रिंडरच्या मुलांबद्दल, मिस्कॅव्हिजच्या मुलींबद्दल लोक जेव्हा म्हणतात की यांना काळीज आहे की नाही, तेव्हा माझ्याच्याने मान डोलावत नाही. काळीज असतं. त्याच्यावरच तर सगळी यंत्रणा चालते. ज्याला घरच्यांची पर्वा नाही त्याला घर तोडायची भीती घालून काय उपयोग? सी ऑर्गमधल्या माणसाला कुंपण अडवत असेलही, पण कुंपणाच्या आत राहिलेली बायको आणि मुलं जास्त अडवतात. आणि तो बाहेर पडलाच, तर आत राहिलेल्यांना आपलं उरलेलं सगळं जग वाचवायला त्याच्याकडे पाठ फिरवावी लागते. मग चर्च म्हणू शकतं की हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. आमच्या अण्णांनीही कुणाला हाताला धरून थांबवलं नव्हतं. मीही स्वतःच्याच पायांनी वळले होते.

तरी फरक आहे, तो मान्य करायला हवा. आमच्या घरात एक हट्टी म्हातारा आणि गप्प बसणारी माणसं होती. तिथे नियम छापलेला आहे, त्याला नाव आहे, चौकशीची पद्धत आहे, बिल आहे. आमचा हट्ट अण्णांबरोबर निदान म्हातारा तरी झाला. छापलेला नियम म्हातारा होत नाही. म्हणून त्या मुलीकडे पाहून ताईला जो प्रश्न पडला तो महत्त्वाचा वाटतो. कुठल्याही संस्थेत शिरताना आपण विचारतो की काय शिकवाल, काय द्याल. मी आता लेकीला कॉलेज असो की पुढे नोकरी, आणखी एक विचारायला सांगणार आहे: मला घरी जायचंय म्हटलं तर तुम्ही काय करता?

बाबा २०१९ साली गेले. तेव्हा आत्याचं दोन ओळींचं पत्र आलं होतं, आईने ते जपून ठेवलंय. त्यावर फोन नंबर होता. सहा वर्षं तो नंबर माझ्याकडेही होता, आईने पाठवलेल्या फोटोत. ताई परत गेली त्या आठवड्यात मी तो फिरवला.

"कोण?" 

"आत्या, मी बोलतेय. मिरजेची." नाव सांगितलं.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "दोन वेण्या होत्या तुझ्या. लाल रिबिनी." आणि लगेच, "जेवलीस का? तिथे किती वाजलेत?"

स्टेशनबद्दल ती आणखी काही बोलली नाही. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाली, "अगं, एवढीशी तर होतीस." आम्ही वीस मिनिटं बोललो. ती शहात्तर वर्षांची आहे, पुण्यात असते, गुडघे दुखतात, मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप हसते. डिसेंबरात आम्ही येतोय तेव्हा तिच्याकडे जाणार आहोत.

तिच्याकडे बाबांचा एकही फोटो नाही. घरातून निघाली तेव्हा काही घेऊन निघालीच नव्हती. तो स्टुडिओतला फोटो तिला नीट आठवतो. त्या दिवशी बाबांनी पहिल्या पगारातून तिला त्या दोन बांगड्या घेतल्या होत्या म्हणे.

आई म्हणते की फोटोच्या तीन प्रती काढल्या होत्या. एक आमची, कापलेली. दोन कुणा ना कुणा नातेवाइकांकडे गेल्या. मिरज, सांगली, कोल्हापूर, जिथे कुठे आमची मंडळी हे वाचत असतील त्यांनी कृपा करून जुने अल्बम, ट्रंका, देवघरामागचे खण एकदा बघा. न कापलेली प्रत कुणाकडे असेल तर मला कळवा. डिसेंबरात जाताना मला ती घेऊन जायची आहे.